नव्या ब्रेकच्या दहा चकरा

ब्रेकमधलं मला जेवढं कळतं, तेवढं आमच्या अख्ख्या खाडीत कोणाला कळत नाही! हे मी फुशारकीनं सांगत नाहीये. बरं, फुशारकीनंच सांगतोय. पण तीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ काढायची सरकारी गाडी चालवलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे. उतारावर, निसरड्यावर, वादळात, समोर मेंढी आणि मागे डॉक्टरची गाडी असताना मी ब्रेक लावलेले आहेत. एकदाही घसरलो नाही. त्यामुळे गेल्या मे महिन्यात सगळ्या होल्मावोगुर गावासमोर माझी जी शोभा झाली, ती ब्रेकमुळे झाली असं कोणी म्हणालं, की मला फार लागतं.

सुरुवात कुंडात झाली. आमच्या गावात तीनशे माणसं, एक चर्च, एक मासळीचा कारखाना आणि पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचं एक कुंड आहे. गावाचा कारभार कागदावर ग्रामसभा बघते, पण काय ते ठरतं कुंडातच, गळ्याइतक्या पाण्यात बसून. तर सोमवारी संध्याकाळी मी त्या पाण्यात बसून जाहीर केलं, "शनिवारी सोलरूनला विमानतळावर मी सोडणार आहे."

मग आमचा उल्फार बोलला. उल्फार म्हणजे गावाचा म्हातारा मेकॅनिक. गॅरेज बंद करून आठ वर्षं झाली, पण तोंड अजून चालू आहे.

"त्या गाडीतून?" तो म्हणाला. "केटिल, तू घाट उतरतोस तेव्हा तुझे ब्रेक किंचाळतात ते मला घरात ऐकू येतं. मी बायकोला सांगतो, चहा टाक, केटिल खाली येतोय."

"नवे टाकतोय!" मी म्हणालो. "पॅडही नवे, डिस्कही नव्या. रेक्याविकहून मागवल्यात. आणि बसवणार मी स्वतः!"

"पण सोलरूनला तू का सोडणार?" पलीकडून बेर्गुरनं विचारलं. बेर्गुर कारखान्यात मुकादम आहे आणि गावाच्या बचाव पथकाचा प्रमुखही.

"कोणीतरी सोडायलाच पाहिजे ना!" मी म्हणालो आणि पाण्यात आणखी खाली सरकलो.

आता तुम्हाला खरं कारण सांगतो. सोलरून गाव सोडून चालली होती. तिचा नवरा एव्हिंदुर सहा वर्षांपूर्वी गेला, गुडघे कुरकुर करायला लागले, आणि डेन्मार्कमध्ये ओदेन्सला राहणाऱ्या तिच्या मुलीला जुळं झालं. "आई, आता तिथे एकटी काय करतेस?" असं मुलीनं विचारलं, आणि या प्रश्नाला गावात कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं. पण मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची मला सवय नाही.

तीस वर्षं हिवाळ्यात मी सगळ्यांत आधी तिच्या दारातला बर्फ काढला. पगार सरकारचा होता, पण क्रम माझा होता. माझ्या प्रेमाचा एवढाच काय तो कारभार! एव्हिंदुर दारात उभा राहून हात हलवायचा, मी दिवे उघडझाप करायचो, झालं. माणूस चांगला होता, त्याच्याबद्दल मला वाईट बोलता येत नाही. मी प्रयत्न करून बघितलाय.

तर विमानतळ घाटापलीकडे, दीड तासावर. दीड तास एका गाडीत ती आणि मी! चाळीस वर्षांत जे जमलं नाही, ते या दीड तासात बोलून टाकायचं असं मी ठरवलं. वाक्यही तयार होतं. "सोलरून, जाऊ नकोस." बस्स. पण घाट उतरताना माणूस एक तर ब्रेकची काळजी करू शकतो, नाहीतर मनातलं बोलू शकतो. दोन्ही एकदम जमत नाही. म्हणून हे नवे ब्रेक!

गुरुवारी संध्याकाळपर्यंत मी ते बसवले. उल्फार स्टूल घेऊन शेजारी बसला होता, फक्त चुका काढायला. चूक एकही सापडेना, तेव्हा त्याला राहवेना.

"नुसते बसवून भागत नाही," तो म्हणाला. "नवा पॅड आणि नवी डिस्क यांना एकमेकांची सवय लागावी लागते. ताशी नव्वदवर जा, जोरात दाब, दहावर आण, सोड. पुन्हा नव्वद. असं दहा वेळा करायचं."

"मला माहीत आहे."

"आणि मध्ये पूर्ण थांबायचं नाही! तापलेली डिस्क पॅडनं दाबून उभा राहिलास, की पॅडचा थर तिथेच चिकटतो. मग ब्रेक लावला की दर वेळी पेडल थरथरतं. दहा झाले की पंधरा मिनिटं ब्रेक न लावता नुसती फिरव, वारा लागू दे. तोवर समोर साक्षात बिशप आला तरी थांबायचं नाही!"

"अरे, मला माहीत आहे!"

"माहीत असणं वेगळं आणि पाय आवरणं वेगळं," म्हातारा स्टूल उचलत म्हणाला.

आमच्या खाडीत सरळ रस्ता एकच आहे. एका टोकाला चर्च, तिथे वळण. दुसऱ्या टोकाला पूल, तोही असा, की एका वेळी एकच गाडी जाईल. मधे दोन किलोमीटर रस्ता सुतासारखा सरळ. दोन्ही टोकांना वेग कमीच ठेवावा लागतो, म्हणजे जोरात ब्रेक लावायला सुरक्षित जागा उरली ती बरोब्बर मधली. आणि बरोब्बर मधे सोलरूनचं घर आहे. यात माझा काहीही हेतू नव्हता! मी अंतर मोजून बघितलं होतं. दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा मध्य तिच्या शेजाऱ्याच्या गोठ्यासमोर येत होता.

शुक्रवारी दुपारी ऊन पडलं, रस्ता कोरडा होता. चर्चपासून सुटलो, नव्वद गाठले, तिचं फाटक दिसलं तसा पाय दाबला. काय लागले ब्रेक! गाडी नाक खाली करून बसली. दहाच्या वेगानं मी फाटकासमोरून सरकलो, पाय उचलला, पुन्हा वेग घेतला. स्वयंपाकघराचा पडदा हलल्यासारखा वाटला. पुलाजवळच्या मोकळ्या जागेत न थांबता गोल वळलो आणि परत निघालो. दुसऱ्या वेळी पडदा बाजूला झालेला होता आणि खिडकीत सोलरून उभी होती. तिच्यामागे खोक्यांची चळत. तिनं हात हलवला. मी स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. आमच्याकडे एवढं पुष्कळ होतं.

तिसऱ्या वेळी ती दारात आली. आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की आज शुक्रवार आहे!

शुक्रवारचं महत्त्व तुम्हाला सांगायला हवं. आमच्या तरुणपणी शुक्रवारी संध्याकाळी पोरं गाड्या काढायची आणि याच रस्त्यानं चकरा मारायची. चर्च ते पूल, पूल ते चर्च. त्याला रून्तुर म्हणतात. ज्या मुलीच्या दारासमोर गाडी हळू होईल, तिच्यासाठी चकरा चालल्यात हे गावाला कळायचं. मग एखाद्या शुक्रवारी गाडी थांबायची, मुलगी येऊन बसायची आणि आया लोकरीच्या मोज्यांची मापं घ्यायला लागायच्या. मी सबंध एक उन्हाळा सोलरूनच्या दारासमोर गाडी हळू केली. थांबवली नाही. पुढच्या शुक्रवारी थांबू, पुढच्या शुक्रवारी थांबू, असं करता करता सप्टेंबर आला. आणि एव्हिंदुर आला, एकच चकर मारली आणि थांबला! त्याच्या गाडीला धड ब्रेकही नव्हते हो. तिच्या बापाच्या कुंपणाला धडकून थांबला. कुंपण दुरुस्त करायला तीन दिवस तिथेच राहिला, आणि वसंतात लग्न झालं.

आता चाळीस वर्षांनी, शुक्रवारी, त्याच रस्त्यावर, त्याच दारासमोर मी तेच करत होतो! आणि चढावरच्या कुंडातून हा सगळा रस्ता स्वच्छ दिसतो. चौथ्या वेळी मी वर पाहिलं, तर कुंडातली सगळी मंडळी उठून कठड्याला टेकून उभी होती, उकडलेल्या कोळंबीसारखी लाल. कोणीतरी टाळ्या वाजवत होतं.

पाचव्या वेळी सोलरून फाटकात होती. हातात कॉफीचा थर्मास आणि क्लेनूरची बशी! आमच्याकडचे हे तळलेले, पिळाचे, गोड क्लेनूर सगळ्याच घरात होतात, पण सोलरूनच्या हातचे म्हणजे विचारू नका. तिनं बशी पुढे केली. मी काच खाली केली. दहाच्या वेगानं गाडी सरकत होती, ती शेजारून भरभर चालत होती.

"आत ये की!" ती म्हणाली. "आजचा शेवटचा दिवस माझा!"

"थांबता येत नाही!" मी ओरडलो.

"म्हणजे?"

"नाही थांबता येत! नंतर सांगतो!" आणि मी पाय उचलला, वेग घेतला.

आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, थांबायचं की! डिस्क गेल्या खड्ड्यात! बरोबर आहे तुमचं. मीही आता तेच म्हणतो. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच होतं, की उद्या घाटात पेडल थरथरलं तर मी ते वाक्य कसं बोलणार? त्या वाक्यासाठी तर सगळा खटाटोप! म्हणजे तिच्याशी बोलता यावं म्हणून मी तिच्याशी बोलायला थांबत नव्हतो. माझं सगळं आयुष्य या एका हिशेबानं चाललंय.

सहाव्या वेळी मी जाता जाता खिडकीतून हात काढून बशीतला एक क्लेनूर उचलला. हे मला अजूनही भारी वाटतं! ती पुन्हा गाडीबरोबर चालायला लागली, गुडघा दुखत असून.

"केटिल, काय झालंय काय?"

"तापलेत फार!" मी तोंडात क्लेनूर घेऊन म्हणालो.

"कुठले तापलेत? सकाळचे आहेत!"

पुढचं बोलणं मागे राहिलं. सातव्या वेळी पुढच्या चाकांतून थोडा धूर यायला लागला. हे अगदी बरोबर आहे, नव्या पॅडचा येतोच. पण बघणाऱ्याला काय कळणार? फाटकात या वेळी कोणी नव्हतं. खिडकीत ती दिसली, कानाला फोन लावून, माझ्याकडे पाठ करून. रुसली, मी म्हटलं. चाळीस वर्षं वाट पाहून शेवटच्या दिवशी तिला चिडवलं आपण!

आठव्या वेळी रस्त्याच्या कडेला माणसं जमली होती. कुंडातली मंडळी तशीच टॉवेल गुंडाळून आली होती. "केटिल, विचारून टाक आता!" कोणीतरी ओरडलं. "अजून किती चकरा? म्हातारे झालात दोघं!" नवव्या वेळी ती पुन्हा खिडकीत होती आणि पुन्हा फोनवर. दहाव्या वेळी मी शिस्तीत नव्वदवरून दहावर आलो, पाय उचलला, आणि झालं! आता पंधरा मिनिटं नुसतं फिरायचं, मग येऊन तिच्या दारात थांबायचं आणि सगळं समजावून सांगायचं. चर्चपलीकडे जरा लांबचा वळसा घातला, परत येताना नव्वद गाठले, निवांत पाय सैल सोडला.

आणि समोर रस्ताच नव्हता!

आमच्या बचाव पथकात अकरा माणसं आहेत. नारिंगी कपडे, माणसाच्या छातीएवढ्या चाकांची गाडी, दोऱ्या, शिट्ट्या, सगळं आहे. नाहीत ती संकटं. त्यांची शेवटची मोहीम म्हणजे शरदातल्या वादळात कोणाच्या तरी अंगणातलं पोरांचं उड्या मारायचं ट्रॅम्पोलिन उडालं होतं, ते पाठलाग करून पकडलं. अशा माणसांना कोणीतरी फोन करून सांगितलं, की केटिलची गाडी थांबत नाहीये! त्यांनी सोलरूनच्या फाटकासमोर रस्त्यावर मासळीचे मोठाले टब रचले होते, त्यांच्यामागे पांढऱ्या प्लास्टिकमधले गवताचे गठ्ठे आणि त्यांच्यावर एक अख्खं ट्रॉलरचं जाळं. बाजूला बेर्गुर कर्णा घेऊन उभा.

"केटिल!" कर्णा गरजला. "घाबरू नकोस! सरळ जाळ्यात ये!"

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. पहिल्या टबाला हात लागेल एवढ्या अंतरावर, सरळ रेषेत, एक वीतसुद्धा न घसरता! असा ब्रेक या खाडीत कोणी लावलेला नाही. बचाव पथकाचा चेहरा मात्र पडला.

मी पाय उचलायला गेलो, तसा बेर्गुर खिडकीवर आदळला. "पाय काढू नकोस! दाबून ठेव! गाडी सरकेल!"

"अरे, सरकत नाही! ब्रेक नवे आहेत! उलट पाय काढायला पाहिजे, डिस्क..."

"धक्का बसलाय त्याला," बेर्गुर मागे वळून म्हणाला. "बडबडतोय. पाय धरा त्याचा!"

आणि दोन माणसांनी दार उघडून माझा पाय पेडलवर धरून ठेवला. चाकांपुढे दगड लावले, मागे दगड लावले, गाडीला तीन दोऱ्या बांधल्या. पाच मिनिटं! तापून लाल झालेल्या डिस्कवर नवे पॅड, पाच मिनिटं. गर्दीत मला उल्फार दिसला. तो टॉवेलमध्ये उभा होता आणि आकाशाकडे बघत होता.

मग गर्दी बाजूला झाली आणि सोलरून आली. तिनं अंगात चांगला निळा कोट घातलेला होता. अख्खं गाव कान देऊन उभं राहिलं. समुद्रपक्षीसुद्धा कान देऊन होते, असं मला वाटतं.

"काय रे," ती खिडकीशी वाकून म्हणाली, "दहा वेळा दारातून गेलास. काही सांगायचं होतं का?"

वाक्य तयार होतं. तोंडात होतं, दातांच्या मागे. तिच्यामागे तीनशेपैकी दोनशे माणसं उभी होती, आणि माझा पाय अजून एकाच्या हातात होता.

"ब्रेक," मी म्हणालो. "नवे आहेत. रुळवत होतो."

"असं होय," ती म्हणाली. "छान लागतात." आणि तिनं उरलेले क्लेनूर बचाव पथकाला वाटून टाकले.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पहिल्याच वळणावर पेडल थरथरायला लागलं, आणि त्याबरोबर स्टिअरिंग, आरसा, मागच्या सीटवरची तिची पेटी, सगळंच. घाटात चव्वेचाळीस वळणं आहेत. प्रत्येक वळणाला मी वाक्याची सुरुवात करायचो, "सोलरून, जा..." आणि ब्रेक लागायचा, की दात एकमेकांवर आपटायला लागायचे.

"हे काय थरथरतंय?" तिनं विचारलं. "ब्रेक, का तुझा पाय?"

"ब्रेक," मी म्हणालो. दोन्ही थरथरत होते.

विमानतळ म्हणजे एक छोटी इमारत, एक धावपट्टी आणि एक कॉफीचं मशीन. आम्ही बाकावर बसलो. विमान डोंगराआडून येताना दिसलं, तेव्हा ती म्हणाली, "त्या उन्हाळ्यातल्या शेवटच्या शुक्रवारी तू चौदा चकरा मारल्यास."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी मोजल्या होत्या. कोट घालून, दाराच्या आत उभी होते. आई म्हणाली, अगं, उकडत असेल, काढ तो कोट. मी म्हटलं, आता थांबेल तो. चौदाव्यानंतर काढला." ती विमानाकडे बघत होती. "मला तेव्हा खरंच वाटलं होतं केटिल, की तुझ्या गाडीला ब्रेक नसतील."

"होते," मी म्हणालो.

"चांगले होते?"

"उत्तम होते."

ती हसली, माझ्या गालाला हात लावला, आणि पेटी घेऊन गेली. मला वाटलं होतं माझं वाक्य आता तरी बाहेर पडेल. नाही पडलं. विमान गेलं, त्याचा आवाज गेला, कॉफीचं मशीनही कोणीतरी बंद केलं. मी तिथेच बसून राहिलो. इतकी आठवण येत होती तिची, आणि तिला जाऊन अजून अर्धा तासही झाला नव्हता!

परत आल्यावर मी ब्रेक तसेच ठेवले. पेडल थरथरलं, की तिचा प्रश्न ऐकू यायचा. तिच्या घरावरून दिवसातून दोनदा तरी जायचो, एकदा पाव आणायला आणि एकदा पाव आणायचा राहिला म्हणून. पडदे काढून नेले होते तिनं. आठवड्यानं कुंडात गेलो, तर उल्फार एकटाच होता.

"मला तुझा राग आलाय," मी म्हणालो. "ब्रेक ठीक आहेत हे तुला माहीत होतं. बेर्गुरला सांगितलं का नाहीस?"

"सोलरूनला सांगितलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तिनं आधी मला फोन केला होता. तू सातव्यांदा जात होतास तेव्हा. मी म्हटलं, ब्रेक ठणठणीत आहेत, तो फक्त रुळवतोय, दहा झाले की पंधरा मिनिटं फिरेल. तिनं विचारलं, म्हणजे तो आपणहून थांबणार नाही? मी म्हटलं, नाही, केटिल आपणहून नाही थांबायचा." उल्फारनं तोंडावर पाणी मारलं. "मग तिनं बेर्गुरला फोन लावला."

मी पाण्यातून ताडकन उभा राहिलो. "हे तू मला आज सांगतोस?"

"तिनं बजावलं होतं, विमान सुटेपर्यंत बोलायचं नाही. घाटात तू काही बोलतोस का, ते तिला बघायचं होतं."

"मग आठवडाभर काय करत होतास?"

"तू काही करतोस का, ते मला बघायचं होतं!"

दुसऱ्याच दिवशी मी दोन गोष्टी केल्या. पूर्व किनाऱ्यावरून डेन्मार्कला जाणाऱ्या बोटीत माझी आणि गाडीची जागा घेतली, आणि रेक्याविकहून पुन्हा नव्या डिस्क, नवे पॅड मागवले. असलं पेडल घेऊन परदेशात जायचं नसतं. जूनमध्ये ते आले. बसवले, आणि आता ते रुळवणं आलं! रस्ता तर एकच आहे.

दहा वेळा मी तिच्या बंद घरासमोर नव्वदवरून दहावर आलो. फाटकाला विक्रीची पाटी होती. खिडकीत खोकीसुद्धा नव्हती. दर वेळी मी स्टिअरिंगवरून एक बोट उचलत होतो, कोणासाठी कोण जाणे. मग पंधरा मिनिटं नुसता फिरलो. या वेळी कोणी आडवं आलं नाही, टब नाहीत, कर्णा नाही, बशी नाही. ब्रेक इतके सुरेख रुळले, की मला रडू आलं.

घरी पोचतो तोच फोन वाजला. ओदेन्सहून होता!

"ऐकलं मी," सोलरून म्हणाली. "माझ्या दारासमोर चकरा मारत होतास म्हणे." आमच्या कुंडातली बातमी डेन्मार्कला पोचायला वीस मिनिटं लागतात.

"ब्रेक," मी म्हणालो. "नवे आहेत."

"पुन्हा?"

"पुन्हा."

"थांबलास का?"

"नाही. थांबायचं नसतं."

पलीकडे एक बाळ रडत होतं, मग दुसरं रडायला लागलं. "केटिल," ती हळू आवाजात म्हणाली, "तिथे आता थांबून उपयोगही नाही रे."

तेव्हा कुठे माझ्या तोंडातून निघालं. ते वाक्य नव्हे, त्याची वेळ गेली होती. दुसरंच निघालं. "बुधवारची बोट आहे," मी म्हणालो. "गाडी घेऊन तुझ्याकडे येतोय. थांबायला."

तिनं रडणारं बाळ कोणाकडे तरी दिल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं. निळा कोट कपाटातून काढून ठेवते."

मी फोन ठेवला. घरभर दोन चकरा मारल्या. धावत कुंडावर गेलो, कपड्यांसकट काठावर बसलो आणि उल्फारला सगळं सांगितलं. सगळं! म्हातारा ऐकत राहिला, खूश झाला. मग म्हणाला, "छान. आणि ओदेन्समध्ये राहते कुठे?"

तेवढं विचारायचं राहिलं होतं.

"मग कर परत फोन," तो म्हणाला.

करणारच आहे. सोमवारी दोनदा हातात घेतला होता, आज सकाळी एकदा. बोट उद्या सुटते. उल्फार म्हणतो, एवढं काय, ओदेन्स काही फार मोठं नाही. गाडी हळू चालव आणि निळा कोट दिसेपर्यंत चकरा मारत राहा.